काडी काढणार कोण?

दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली बसवायची एक लवचीक काडी. लांबी चार सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटर, काडेपेटीतल्या काडीएवढी. तिच्यात ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक असतं. ते रोज थोडं थोडं रक्तात झिरपतं, बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतं. तीन वर्षं दिवस राहत नाहीत. २०२३ साली केंद्र सरकारने दहा राज्यांतल्या प्रत्येकी दोन जिल्ह्यांत हे इम्प्लांट सरकारी कुटुंब नियोजनात आणायचं ठरवलं. आज ना उद्या ते गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत पोचेल. त्याआधी त्यावर मोकळेपणाने भांडण व्हायला हवं, असं मला फार वाटतं. म्हणून हा संवाद.

यातल्या दोघी कल्पित आहेत. एक मराठवाड्यातल्या उपजिल्हा रुग्णालयातली स्त्रीरोगतज्ज्ञ, पस्तिशीची. दुसरी सत्तरीला आलेली, ऐंशीच्या दशकात मुंबईत स्त्री-चळवळीत उतरलेली, तेव्हापासून बायकांच्या आरोग्यावर काम करणारी. डॉक्टर तिला ताई म्हणते. मुद्दे मात्र दवाखान्यांत आणि सभांमध्ये रोज मांडले जातात तेच आहेत.

डॉक्टर: ताई, माझ्या ओपीडीत येणारी बाई कशी असते ते आधी सांगते. वय बावीस-तेवीस. पदरात दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितंय. दसरा झाला की नवऱ्याबरोबर उसाला जाणार. ऑपरेशन नको म्हणते, कारण सासूला नातू हवाय आणि तिचं स्वतःचंही अजून ठरलेलं नाही. गोळी रोज आठवणीने घ्यायची, तर पहाटे तीनला उठून फडावर जाणाऱ्या बाईला ते जमत नाही. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, आणि तीन महिन्यांनी ती सांगलीत असेल, कोल्हापुरात असेल नाहीतर कर्नाटकात. तांबीची भीती वाटते. निरोध नवऱ्याच्या मर्जीवर. आता सांगा, तिला मी काय देऊ?

ताई: तू तिला काडी देणार.

डॉक्टर: काडी आमच्याकडे आली की देणारच. भूल देऊन पाच मिनिटांत बसते. हजार बायकांनी वापरली तर वर्षभरात जेमतेम एखादीला दिवस राहतात, ऑपरेशनइतकंच खात्रीचं. शिवाय काढली की आठवड्याभरात औषध रक्तातून निघून जातं आणि पुढच्या काही आठवड्यांत बीज पुन्हा सुटू लागतं. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते, दूध कमी होत नाही. आणि आपल्याकडचं आजचं चित्र काय आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्याजणींचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुष नसबंदीचं देशभरातलं प्रमाण ०.३ टक्के. लग्न, लगोलग दोन-तीन बाळंतपणं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. दोन मुलांत अंतर राखायचं म्हटलं तर तिच्या हातात काही नाहीच.

ताई: हे सगळं मला मान्य आहे. चाळीस वर्षांपूर्वीही हेच ऐकलं होतं, म्हणून तर मी सावध होते. तुझ्या काडीची आजी आठवते? नॉरप्लांट. सहा नळ्या, दंडात पंख्यासारख्या बसवायच्या. फिनलंडने १९८३ साली मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबर १९९० मध्ये. तिथली मान्यता मिळून दोनच दिवस झाले होते आणि फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या दैनिकाने अग्रलेख छापला, की गरीब काळ्या बायकांना नॉरप्लांट बसवायला पैसे द्यावेत. ओरड झाली तेव्हा त्यांनी माफी मागितली. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने एका बाईला शिक्षेतून सूट देताना अट घातली, नॉरप्लांट बसवून घे. औषधाला मान्यता मिळून महिना झाला नव्हता, तोवर ते बाईच्या हातातून निसटून दुसऱ्यांच्या हातात गेलं.

डॉक्टर: ती अमेरिका झाली.

ताई: मग आपलं सांगते. १९८५, हैदराबादजवळचं पटनचेरू. नेट-एन नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी चालली होती. बायकांना हे चाचणीतलं औषध आहे हेच धड सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर काहीजणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नॉरप्लांटच्याही चाचण्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने आपल्याकडे केल्या, आणि आम्ही मुंबईत, दिल्लीत त्यांच्या विरोधात उभ्या राहिलो. संप्रेरकाला घाबरून नव्हे. ज्या कातडीखाली ते जातं त्या बाईला नको झालं तर ते काढणं तिच्या हातात नसतं, हा आमचा मुद्दा होता. गोळी थुंकता येते. निरोध नाकारता येतो. काडीला दुसऱ्याचा चाकू लागतो.

इथे डॉक्टर थोडी चिडते, आणि तिचं चिडणं मला रास्त वाटतं. सरकारी दवाखान्यातल्या माणसाला चळवळीतल्या लोकांकडून हे नेहमी ऐकावं लागतं आणि समोर बसलेली बाई तर उत्तर मागत असते.

डॉक्टर: ताई, तुमच्या विरोधाची किंमत कोणी दिली हे एकदा बोलूया. इंजेक्शन सरकारी दवाखान्यात यायला २०१७ उजाडलं. इम्प्लांट आत्ता येतंय. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत खेड्यातल्या बाईपुढे खरा पर्याय एकच उरला, ऑपरेशन. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. दहाहून जास्तजणी दगावल्या. त्यांच्यातल्या किती जणींना काडीवर तीन वर्षं काढता आली असती? काडी धोकादायक म्हणून तुम्ही ती अडवली, आणि पोट उघडणारं ऑपरेशन तसंच चालू राहिलं.

ताई: त्या शिबिरांविरुद्धही आम्हीच लढलो गं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करा म्हणून सांगितलं, ते आपोआप झालं नाही. आणि बिलासपूरच्या बायका ऑपरेशनने मेल्या, की एका दिवसात ८३ करायच्या घाईने? तीच घाई, तीच माणसं, तेच रजिस्टर उद्या काडीला लागणार आहे. आणीबाणी मी पाहिली आहे. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. कुटुंब नियोजनाची उद्दिष्टं १९९६ मध्ये कागदावरून गेली. तुझ्या मासिक बैठकीतून गेली का?

डॉक्टर: नाही. ‘अपेक्षित कामगिरी’ म्हणतात आता.

ताई: बघ.

डॉक्टर: पण म्हणून साधनच नको? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तेव्हा त्यांना कुठलं उद्दिष्ट होतं? ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील होते. पुढे १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो फेटाळला गेला. मूल कधी आणि किती हे बाईने ठरवावं, ही आपल्याकडची जुनी मागणी आहे, ताई. ती परदेशी कंपनीने आणलेली नाही.

ताई: कर्व्यांकडे जाणारी बाई आपल्या पायाने जायची, मूल नको म्हणून. आता मूल नको म्हणणारं सरकार तिच्या दारात येतं. मी एवढाच फरक धरून बसले आहे. कर्व्यांचं नाव घेतलंस ते बरं केलंस, पण मग त्यांच्यासारखंच उघड बोल. तू तुझ्या काडीचे दोष सांग पाहू. त्या उसाच्या बाईला सांगशील तसेच.

यापुढचा भाग मी जरा लांबवते. इम्प्लांटचा सगळा निकाल इथे लागतो, आणि माहितीपत्रकांत मात्र तो एका ओळीत उरकलेला असतो: ‘पाळीत बदल होऊ शकतो.’

डॉक्टर: सांगते. पाळी बिघडते. पाचातल्या एकीची पाळी जवळजवळ बंद होते. काहीजणींना अधूनमधून डाग लागतात. काहींच्या मात्र बारीक बारीक अंगावरून जात राहतं, आठवडेच्या आठवडे, आणि कधी जाईल, कधी थांबेल याचा नेम नसतो. दहातली एखादी त्याच कारणाने काडी काढून मागते. डोकं दुखणं, वजन वाढणं, पुटकुळ्या, मन खिन्न होणं, हेही काहींना होतं. आजाराच्या अर्थाने यातलं बहुतेक धोक्याचं नाही. जातं ते रक्तही नेहमीच्या पाळीपेक्षा बहुधा कमीच असतं.

ताई: आजाराच्या अर्थाने. आता फडाच्या अर्थाने सांग.

डॉक्टर: कळतंय मला.

ताई: तरी सांगते. पालाच्या खोपीत ना मोरी, ना संडास, ना आडोसा. पाणी लांबून आणायचं. कापड धुवायचं कुठे, वाळवायचं कुठे? पहाटे चिखलात उभं राहून मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल घेतलेली. बाई एक दिवस पडून राहिली की खाडा, खाड्याचा दंड. अशा बाईच्या अंगावरून वीस दिवस जातंय म्हटल्यावर ती काय करेल? आणि खोपीतून घरी परतली की नवरात्र, घट, सत्यनारायण. महिन्यातले चार दिवस बाजूला बसणारी सून वीस दिवस बाजूला बसली तर घरात काय होतं ते तुला माहीत आहे.

डॉक्टर: बाजूला बसणंच चूक आहे.

ताई: चूक आहेच. पण ती चूक सुधारायची जबाबदारी त्या बाईच्या दंडावर टाकू नकोस. आणि खरी भीती अजून पुढेच आहे. रक्त जातंय म्हणून ती जाईल कुठे? कारखान्याजवळच्या गावात, पाटी दिसेल त्या दवाखान्यात. त्या डॉक्टरने काडी पाहिलेली नसेल. ती सांगणार नाही, त्याला विचारायचं सुचणार नाही. सोनोग्राफी होईल. मग ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल.’ २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यांत कितीतरी तरुण बायका. ज्या जिल्ह्यात नुसती पाळीची तक्रार घेऊन गेलेली बाई पिशवी गमावून परत येते, तिथे तू पाळी बिघडवणारं साधन नेते आहेस.

डॉक्टर काही वेळ गप्प बसते. ताईच्या सगळ्या बोलण्यात हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. नॉरप्लांटचा इतिहास दूरचा वाटू शकतो. पिशवीचा प्रश्न बीडच्या कुठल्याही गल्लीत उभा आहे.

डॉक्टर: याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, अर्धं आहे. पहिलं म्हणजे रक्त जाण्यावर उपाय असतात. पाच-सात दिवस साधी वेदनाशामक गोळी दिली तरी बऱ्याचजणींचं थांबतं. नाही थांबलं आणि ती अंगावर पाजत नसेल तर काही दिवस गर्भनिरोधक गोळ्या देता येतात. दुसरं, ज्यांची पाळी बंद होते त्यांना ‘रक्त आत साठतंय, डोक्यात चढेल’ असं कोणीतरी सांगतं. मी चित्र काढून दाखवीन, की काडी असताना पिशवीचं अस्तर वाढतच नाही, मग साठणार काय? अंगात सात-आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला वर्षभर पाळी आली नाही तर तिचा फायदाच आहे. हे नीट सांगितलेली बाई घाबरत नाही. नीट सांगायला वीस मिनिटं लागतात, आणि माझ्या ओपीडीत दर बाईमागे तीन मिनिटं असतात. इथे तुमचं खरं आहे.

ताई: म्हणजे सांगायला वेळ नाही, पण घालायला आहे.

डॉक्टर: असं नका बोलू. आशाताई आहेत, एएनएम आहेत. सांगण्याचं काम त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात, पण आधी त्यांना खरं कळलं पाहिजे. अजून एक गोष्ट आहे, ती कोणी बोलत नाही. टीबीची रिफाम्पिसिन चालू झाली की काडीचा असर कमी होतो. फिटच्या काही गोळ्यांनीही होतो. टीबीच्या खिडकीवर बाईला कोणी विचारत नाही, की दंडात काही आहे का? तिला वाटतं आपण निर्धास्त आहोत, आणि दिवस राहतात. काडी द्यायची तर ही खिडकी आणि ती खिडकी एकमेकींशी बोलल्या पाहिजेत.

ताई: हे मला माहीत नव्हतं. बरं, आता काढण्याचं बोल.

डॉक्टर: नीट बसवलेली काडी काढायला दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते. बोटाने एका टोकाला दाबायचं, दुसरं टोक वर येतं, तिथे चीर द्यायची, चिमट्याने ओढायची. नॉरप्लांटच्या सहा नळ्या काढताना मांस चिवडावं लागायचं, ते आता नाही. पण खोल घातली गेली, बोटाला लागेनाशी झाली, तर प्रश्न येतो. म्हणून हल्लीच्या काडीत बेरियम असतं, एक्स-रेवर दिसते. घालतानाच बाईला स्वतःच्या बोटाने चाचपायला लावायचं: ही बघ, इथे आहे. क्वचित फार खोल गेलेली काडी शहरातच काढावी लागते.

ताई: आणि तुझ्या बाईला जानेवारीत कराडजवळच्या फडावर ती नकोशी झाली तर?

डॉक्टर: तिथल्या ग्रामीण रुग्णालयात गेली पाहिजे.

ताई: आणि तिथे ‘आम्ही घातलेली नाही, जिथे घातली तिथे जा’ म्हणाले तर? किंवा ‘सरकारने एवढी महाग वस्तू दिली, तीन वर्षं पुरी कर’? तांबीच्या बाबतीत हे ऐकलेल्या बायका मला भेटतात. आफ्रिकेत काय झालं ते तुला माहीत असेल. २०१३ च्या सुमारास देणगीदारांनी कंपन्यांशी करार केले, काडीची किंमत निम्म्यावर, साडेआठ डॉलरवर आणली. केनिया, इथिओपिया, बुर्किना फासो, लाखो बायकांना मिळाली, आणि त्यांना ती आवडली, हेही मी मान्य करते. पण घालायला शिकवलेले हात भरपूर आणि काढायला शिकवलेले थोडे, अशी तिथे पंचाईत झाली. काढून मागणाऱ्या बायका परत पाठवल्या गेल्या.

डॉक्टर: म्हणून तर आपण आधी शिकू शकतो. त्यांनी केलेली घाई आपण टाळू शकतो.

ताई: टाळायची तर मोजायचं काय ते बदला. तुमच्या अहवालात काडी घातली की एक खूण, कामगिरी वाढली. काढली की कामगिरी घटली. बाई काढायला आली की सिस्टरच्या कपाळावर आठी पडणार ती तिथूनच. मला वेगळा रकाना हवा: काढून मागायला किती आल्या, त्यांतल्या किती जणींची त्याच दिवशी काढली, किती परत पाठवल्या. आणि कारण विचारायचं नाही. ‘नको’ हे कारण पुरे. नवऱ्याची सहीही मागायची नाही, घालताना नाही आणि काढतानाही नाही.

डॉक्टर: सही ऑपरेशनलासुद्धा लागत नाही, नियमातच तसं लिहिलंय. तरी मागतात, कारण नवरा दवाखान्यात येऊन भांडतो. मी मागत नाही.

ताई: तू मागत नाहीस, पण तुझी बदली झाली की?

डॉक्टर: ताई, तुम्ही दर वेळी व्यवस्थेचं सगळ्यात वाईट रूप धरता आणि त्यावरून बाईचं साधन ठरवता. मी समोरच्या बाईपासून सुरू करते. गेल्या हंगामातून परत आलेली एकजण तिसऱ्यांदा गरोदर होती, सहावा महिना, हिमोग्लोबिन साडेसहा. तिने मला काय विचारलं माहीत आहे? ‘मॅडम, कोणालाही न सांगता घेता येईल असं काही नाही का?’ काडी दंडात असते. ब्लाउजच्या बाहीखाली दिसत नाही. नवऱ्याला नुसती विनंती करत राहण्यापेक्षा तिच्या अंगातच काहीतरी तिचं असेल. तुम्हाला काडीत सरकार दिसतं. मला तिच्यात त्या बाईची मुठीत धरलेली तीन वर्षं दिसतात.

ताई: ती बाई माझ्याही डोळ्यांसमोर आहे. तिला नको झाल्यावर ती मूठ उघडता यावी, एवढंच म्हणतेय. तुझ्या तालुक्यात आज काडी काढता येणारी माणसं किती?

डॉक्टर: प्रशिक्षण घेतलेली मी एकटी.

ताई: तू रजेवर गेलीस तर?

डॉक्टर: कोणी नाही.

ताई: मग आधी दोघींना शिकव, आणि काढायला आधी शिकव. त्यांची नावं आणि फोन नंबर बाईच्या कार्डावर छाप, मराठीत, मोठ्या अक्षरांत. खाली लिही, ‘अंगावर जात असेल तर पिशवी काढण्याआधी हे कार्ड दाखवा.’ साखर कारखान्यांच्या तालुक्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांना पत्र जाऊ दे, की हंगामात काडी काढून मागणारी बाई आली तर तिला परत पाठवायचं नाही. हे झालं की मी स्वतः तुझ्या आशाताईंच्या बैठकीला येते. काडीचे फायदेही सांगेन, मनापासून सांगेन.

डॉक्टर: कार्डाचं उद्याच लिहून काढते, ते माझ्या हातात आहे. दोघींना शिकवणंही जमेल. पत्र काढणं माझ्या हातात नाही. वर अर्ज करीन, तुम्हीही तुमच्या बाजूने लावून धरा. पण ते पत्र निघायच्या आत काडी आली, आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ती बाई माझ्यासमोर येऊन बसली, तर?

ताई: तर तिला सांग, एक हंगाम थांब.

डॉक्टर: एक हंगाम थांबली तर मार्चमध्ये ती पोट घेऊन परत येईल. नाही ताई, तिला मी थांब म्हणणार नाही. रक्ताचं सांगेन, टीबीच्या गोळ्यांचं सांगेन, पिशवीचं तर दोनदा सांगेन. तिचं बोट धरून काडी चाचपायला लावीन, माझा नंबर देईन. एवढं ऐकून ती हो म्हणाली तर घालीन.

ताई: आणि कराडहून तिचा फोन आला तर?

डॉक्टर: तिथल्या डॉक्टरशी मी बोलेन. नाहीच जमलं तर गाडीभाड्याचं बघू, पण तिची काडी निघेल.

ताई: एकीचं भाडं तू देशील. शंभरजणींचं?

डॉक्टर: त्यासाठीच ते पत्र हवंय. चला, आज रात्रीच बसू मसुद्याला.